कोर्टानं बंद केलं नाही, सरकारनं बंद केलं नाही, मग ग्रॉकलॉ बंद का झालं?

२० ऑगस्ट २०१३ ही तारीख महाराष्ट्रात कुणी विसरणार नाही. त्या सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यामुळे त्याच दिवशी तिकडे अमेरिकेत ग्रॉकलॉ नावाची एक वेबसाइट बंद झाली हे आपल्याकडे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. साइट कायद्याच्या बातम्यांची, त्यातही सॉफ्टवेअरच्या खटल्यांची. तिच्यावर कुणी बंदी घातली नव्हती, ती कुठला खटला हरली नव्हती. दहा वर्षं ती चालवणाऱ्या पामेला जोन्स यांनी एक शेवटचा लेख लिहिला, त्याचा सारांश असा की हे काम ईमेलशिवाय होत नाही, आणि ईमेल कुणीतरी तिसरा वाचतोय हे आता कळलंय, म्हणून मी थांबते.

तेव्हा बऱ्याच जणांना हे कळलंच नाही. ईमेल कुणी वाचतं म्हणून कुणी चालू दुकान बंद करतं का? पण आता आपल्याकडे पत्रकारांचे फोन जप्त होतात, फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या पेगासस सॉफ्टवेअरवरून सुप्रीम कोर्टापर्यंत वाद जातो, आणि त्या प्रत्येक बातमीखाली कुणीतरी विचारतंच की 'लपवण्यासारखं काही नसेल तर फोन द्यायला काय हरकत आहे?' म्हणून ग्रॉकलॉची गोष्ट नीट सांगायला हवी.

आधी भांडण काय होतं ते

लिनक्स माहीत नसेल तरी तुम्ही ते वापरता. अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे, जगातले बहुतेक सर्व्हर त्यावरच चालतात. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे काय तर ते वापरायची, आतला कोड वाचायची, त्यात बदल करायची आणि पुढे वाटायची चारही स्वातंत्र्यं लायसन्समध्येच लिहून दिलेली आहेत. फुकट मिळतं हा त्यातला दुय्यम भाग.

मार्च २००३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एससीओ नावाच्या कंपनीनं आयबीएमवर १०० कोटी डॉलरचा दावा ठोकला, पुढे तो आकडा ५०० कोटींपर्यंत नेला. म्हणणं असं की युनिक्स ही जुनी सिस्टिम आमची, आयबीएमनं तिच्यातला माल उचलून लिनक्समध्ये घातला. एवढ्यावर थांबले असते तर दोन कंपन्यांचं भांडण म्हणून कुणी बघितलंही नसतं, पण एससीओनं मे महिन्यात लिनक्स वापरणाऱ्या सुमारे १,५०० मोठ्या कंपन्यांना पत्रं पाठवली की तुम्हीही अडचणीत येऊ शकता, आणि मग एका प्रोसेसरमागे ६९९ डॉलरचं लायसन्स विकायला काढलं. म्हणजे जे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलं आणि वाटलं, त्याच्यावर वसुली.

आणि कोणता कोड चोरला ते मात्र सांगायचं नाही! ऑगस्ट २००३ मध्ये लास व्हेगासच्या संमेलनात त्यांनी 'पुरावा' म्हणून पडद्यावर थोडा कोड दाखवला, तोही इंग्रजी अक्षरांचा फॉन्ट बदलून ग्रीक करून, म्हणजे कुणाला वाचता येऊ नये. लोकांनी फोटो काढले, फॉन्ट परत फिरवला, आणि काही दिवसांत कोडचा वंशवेल बाहेर काढला. एक तुकडा सत्तरच्या दशकातल्या युनिक्सचा होता, जो एससीओच्याच आधीच्या अवतारानं, कॅल्डेरा नावाच्या कंपनीनं, २००२ मध्ये खुला करून टाकलेला. दुसरा मुळात बर्कली विद्यापीठाच्या कोडवरून आलेला, एससीओचा नव्हेच.

एवढं सगळं होत असताना बाजाराला काय फरक पडला? एससीओचा शेअर काही महिन्यांत दीड-दोन डॉलरवरून वीसच्या घरात गेला. व्यापारी पत्रकारांनी कंपनीच्या प्रेस नोट जवळपास जशाच्या तशा छापल्या, कारण कोर्टाचे कागद वाचायला वेळ कुणाला आहे.

एक पॅरालीगल आणि वाचकांची फौज

वेळ पामेला जोन्सना होता. त्या पॅरालीगल, म्हणजे वकील नव्हेत पण वकिलाच्या ऑफिसात कागदपत्रांचं, शोधाचं, मसुद्यांचं काम करणाऱ्या. सगळे त्यांना पीजे म्हणायचे (हसू नका). मे २००३ मध्ये त्यांनी ग्रॉकलॉ सुरू केलं. प्रोग्रामरना कायदा कळत नाही आणि वकिलांना कोड कळत नाही, या दोघांच्या मधली भिंत पाडायची एवढाच साधा उद्योग. कोर्टात जे दाखल होईल ते मिळवायचं, अख्खं छापायचं, आणि खाली साध्या भाषेत सांगायचं की याचा अर्थ काय, पुढची पायरी काय, वकील इथे नेमका काय डाव टाकतोय.

काम कसं चालायचं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत फेडरल कोर्टाचे कागद ऑनलाइन मिळतात पण पानामागे पैसे मोजून, ते वाचक मोजायचे. बरेच कागद स्कॅन केलेले असायचे, म्हणजे नुसती चित्रं, त्यात शोधता येत नाही आणि अंध वाचकाला तर वाचताच येत नाही, म्हणून लोक बसून ते अक्षरशः टाइप करून काढायचे. सॉल्ट लेक सिटीत सुनावणी असली की तिथला कुणीतरी वाचक रजा टाकून कोर्टात जाऊन बसायचा आणि रात्री नोट्स पाठवायचा. जुने युनिक्सवाले आपल्या माळ्यावरची मॅन्युअलं काढून द्यायचे.

माझा आवडता किस्सा १९९४ च्या कराराचा. युनिक्सच्या तेव्हाच्या मालकांनी कॅलिफोर्निया विद्यापीठावर (वर आलेलं बर्कली त्याचाच भाग) केस केली होती, ती आपसात मिटली, आणि कोणत्या अटींवर मिटली ते दहा वर्षं गुपित. एससीओच्या दाव्याचा अर्धा गुंता त्या कागदात होता. पण विद्यापीठ सरकारी! मग आपल्या माहिती अधिकारासारखा तिथला जो कायदा आहे त्याखाली अर्ज गेला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ग्रॉकलॉवर अख्खा करार झळकला. चोरी नाही, हॅकिंग नाही, एक अर्ज.

पुढचं थोडक्यात. युनिक्सचे कॉपीराइट एससीओचे नव्हतेच, नोव्हेल कंपनीचे होते. १९९५ च्या विक्री करारात 'काय विकत नाही' या यादीतच ते होते. २००७ मध्ये न्यायाधीश डेल किंबॉल यांनी तसा निकाल दिला, पाचेक आठवड्यांत एससीओनं दिवाळखोरी जाहीर केली. अपिलात निकाल फिरला, मग मार्च २०१० मध्ये ज्युरीनंही नोव्हेलच्याच बाजूनं कौल दिला. आयबीएमवरचा दावा २०२१ पर्यंत रखडला, शेवटी आयबीएमनं एक कोटी साडेबेचाळीस लाख डॉलर देऊन तो मिटवला, ५०० कोटींच्या मानानं ही रक्कम किती हे तुम्हीच बघा. मध्ये २००६ मध्ये मॅजिस्ट्रेट न्यायाधीश ब्रुक वेल्स यांनी एससीओचे बहुतेक वादग्रस्त मुद्दे उडवताना म्हटलं होतं की दुकानातून चोरी केली म्हणून एखाद्याला दारात अडवायचं आणि 'काय चोरलंस ते तुला ठाऊक आहे, मी नाही सांगणार' असं म्हणायचं, हे चालणार नाही.

कागद तर सार्वजनिक होते, मग गुप्त सूत्रं कशाला लागतात?

रास्त प्रश्न. उत्तर असं की कागद सार्वजनिक असले तरी कोणता कागद मागायचा हे सार्वजनिक नसतं. लाखो पानांच्या ढिगात 'अमुक सालचा अमुक करार बघा' हे सांगणारा माणूस बहुतेक वेळा आत नोकरी केलेला असतो. तो साक्षीदार म्हणून उभा राहणार नाही, त्याची नोकरी आहे, त्यानं गुप्ततेच्या करारावर सही केलेली आहे, घरी कर्जाचे हप्ते आहेत. तो एक ओळीचा ईमेल पाठवतो.

कधीकधी नुसता इशारा नाही, वस्तूच येते. याच भांडणात मार्च २००४ मध्ये एससीओच्या सल्लागाराचा एक आतला ईमेल बाहेर फुटला आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्या एरिक रेमंड यांनी तो छापला. एससीओकडे पैसा कुठून येतोय, त्यात मायक्रोसॉफ्टचा हात किती, असा त्यातला विषय. ईमेल खरा आहे हे एससीओनं मान्य केलं, फक्त त्या सल्लागाराचा गैरसमज झाला होता म्हणाले. मायक्रोसॉफ्टनं हात झटकले. कोण खरं ते सोडा, पण तो ईमेल पाठवणारा कोण हे कळलं असतं तर पुढचा कुणी काही पाठवलं असतं का?

आणि पीजेंना स्वतःलाही हे भोगावं लागलं. त्या फोटो देत नसत, मुलाखतीत घरचं सांगत नसत, तर एससीओवाले म्हणायला लागले की ही बाई आयबीएमची माणूस असणार. २००५ मध्ये एका पत्रकारानं त्यांचा म्हणून पत्ता-घर-नातेवाईक असं सगळं छापलं. लोक इतके भडकले की त्या प्रकाशनाच्या लिनक्स मासिकाच्या संपादकांनी राजीनामे दिले. २००७ मध्ये एससीओनं त्यांची साक्ष काढायचा प्रयत्न केला. म्हणजे आपली ओळख उघडी पडली की काय होतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पण वेबसाइटवाला म्हणजे पत्रकार का?

हा आक्षेप तेव्हाही होता. छापील पेपरच्या पत्रकाराला सूत्र न सांगण्याचं संरक्षण द्या, पण घरात बसून लिहिणाऱ्याला कशाला, उद्या कुणीही उठेल.

यावर कॅलिफोर्नियातला एक निकाल फार कामाचा आहे. डिसेंबर २००४ मध्ये ॲपलनं अनोळखी व्यक्तींवर केस केली, कारण त्यांच्या एका बाजारात न आलेल्या वस्तूची (गिटार वगैरे कॉम्प्युटरला जोडायची एक डबी, आतलं नाव ॲस्टेरॉइड) माहिती पॉवरपेज आणि ॲपलइनसायडर या दोन साइटवर आली. आता गंमत बघा, ॲपल फक्त त्या लिहिणाऱ्यांच्या मागे लागलं नाही, ते त्यांच्या ईमेल कंपनीकडेही गेलं, की यांच्या मेलबॉक्समध्ये काय आहे ते आम्हाला द्या. खालच्या कोर्टानं हो म्हटलं. मे २००६ मध्ये अपील कोर्टानं ते फिरवलं. तीन गोष्टी सांगितल्या: खरी पत्रकारिता कोणती आणि खोटी कोणती हे ठरवायच्या फंदात कोर्ट पडणार नाही, बातमी गोळा करून लोकांपुढे मांडणारा तो संरक्षणाला पात्र; ईमेल कंपनीला असं समन्स पाठवून मेलमधला मजकूर काढता येणार नाही; आणि ॲपलनं आधी स्वतःच्या घरात नीट शोधलेलंच नाही.

मला यातला दुसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्यावरच चर्चा सगळ्यात कमी होते.

नाही म्हणायची संधी

सूत्राचं संरक्षण म्हणजे शेवटी काय? कुणीतरी पत्रकाराला विचारतं, 'कुणी सांगितलं?' आणि पत्रकार म्हणतो, 'नाही सांगणार.' मग दंड होवो, जेल होवो. अमेरिकेत न्यूयॉर्क टाइम्सच्या ज्युडिथ मिलर २००५ मध्ये ८५ दिवस तुरुंगात होत्या. (त्या बाईंची इराकवरची पत्रकारिता मला अजिबात पटत नाही, पण तो मुद्दा वेगळा.) कायदा चांगला असेल तर 'नाही' स्वस्तात पडतं, वाईट असेल तर महागात. पण 'नाही' म्हणता येतं.

आपल्याकडचं उदाहरण थेट मुंबईचं आहे. २०१० मध्ये हैदराबादचे इंजिनिअर हरिप्रसाद, मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खॉन्गग्राइप यांनी मतदान यंत्राच्या सुरक्षेचा अभ्यास छापला. यंत्र एका अनामिक माणसानं अभ्यासाला दिलं होतं. ते मुंबईतल्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ताब्यातलं होतं, चोरीला गेलं, अशी तक्रार झाली आणि २१ ऑगस्टला पोलिसांनी हरिप्रसादना हैदराबादच्या घरातून उचलून गाडीनं मुंबईला आणलं. प्रश्न एकच, यंत्र कुणी दिलं. त्यांनी सांगितलं नाही. आठवडाभर आत राहिले, मग जामीन मिळाला. यंत्र हॅक होतं की नाही हा वाद इथे नको, तो काढला की खाली तीनशे कमेंट त्याच्यावरच येतील. मुद्दा एवढाच की त्यांना विचारलं गेलं, त्यांनी नाही म्हटलं, त्याची किंमत मोजली, आणि तो माणूस वाचला.

त्याच वर्षी डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशननं जे पायोनिअर पुरस्कार दिले त्यात हरिप्रसाद होते आणि पामेला जोन्सही होत्या. एकाच यादीत. हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही.

आणि कुणी विचारलंच नाही तर?

आता २०१३ कडे या. जून महिन्यात एडवर्ड स्नोडेननं कागद बाहेर काढले आणि कळलं की अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था इंटरनेटवरचं दळणवळण घाऊक प्रमाणात गोळा करते. परदेशातल्या परदेशी माणसावर पाळत ठेवायला तिथल्या कायद्यात २००८ पासून मोठी मोकळीक आहे. परदेशी माणूस म्हणजे कोण? तुम्ही, मी. नाशिकहून कुणी ग्रॉकलॉला मेल टाकली तर ती सीमा ओलांडणारी मेल झाली. पीजेंचा मुद्दा हाच होता, त्यांचे वाचक जगभर, आणि देशाबाहेर जाणारी-येणारी मेल गोळा होऊ शकते.

मग लॅव्हाबिटचं प्रकरण. टेक्सासमधली छोटी ईमेल कंपनी, चार लाखांवर ग्राहक, मालक लदार लेव्हिसन. एफबीआयनं एका खात्यासाठी मागणी केली (ते खातं स्नोडेनचं होतं) पण मागितली ती अख्ख्या कंपनीची किल्ली, म्हणजे जिच्यानं सगळ्याच ग्राहकांचं दळणवळण उलगडता येईल. लेव्हिसननं काय करावं, किल्ली कागदावर छापून दिली, ११ पानं, इतक्या बारीक अक्षरात की वाचताच येऊ नये. कोर्टानं रोज ५,००० डॉलर दंड लावला. ८ ऑगस्टला त्यानं कंपनीच बंद केली, आणि का बंद केली हे सांगायचीही त्याला मुभा नव्हती, हे कागद नंतर ऑक्टोबरमध्ये उघडे झाले. एवढंच तो म्हणाला की ईमेलबद्दल मला जे माहीत आहे ते तुम्हाला माहीत असतं तर तुम्हीही ईमेल वापरली नसती. लॅव्हाबिट बंद झाल्यावर बारा दिवसांनी पीजेंनी ग्रॉकलॉ बंद केलं, शेवटच्या लेखात त्याच्या या म्हणण्याचा दाखला देऊन.

ॲपलच्या केसमध्ये ईमेल कंपनीकडे समन्स गेलं म्हणून निदान कोर्टात भांडता आलं. हरिप्रसादना समोर बसवून विचारलं म्हणून नाही म्हणता आलं. इथे मात्र कुणी विचारायलाच येत नाही. तारेवरच वाचून घेतात. पत्रकार छातीठोक सांगतो 'तुमचं नाव माझ्याकडून जाणार नाही' आणि ते खरंच त्याच्याकडून जात नाही, पण जातं. मग जे वचन पाळणं आपल्या हातातच नाही ते समोरच्याला द्यायचं का? पीजेंचं उत्तर होतं, नाही द्यायचं.

एन्क्रिप्शन वापरायचं की!

एन्क्रिप्शन म्हणजे मजकुराला असं कुलूप लावणं की दोन टोकांच्या माणसांखेरीज कुणाला वाचता येऊ नये. जरूर वापरा. पण त्यानं मजकूर झाकतो, मेटाडेटा झाकत नाही. मेटाडेटा म्हणजे कोण, कुणाशी, कधी, कुठून, किती वेळ. सोसायटीच्या गेटवरचं वॉचमनचं रजिस्टर असतं ना, नाव, फ्लॅट नंबर, आलेली वेळ, गेलेली वेळ. आत काय बोलणं झालं हे त्याला माहीत नाही. पण सी-विंगमधल्या अकाउंटंटकडे एक पत्रकार सलग तीन रविवार येऊन गेली आणि चौथ्या रविवारी कंपनीच्या हिशेबाची बातमी आली, तर रजिस्टर चाळणाऱ्याला बोलणं ऐकायची गरजच काय?

खरं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये रिॲलिटी विनर नावाच्या तरुणीनं एनएसएचा एक अहवाल छापून टपालानं एका न्यूज साइटला पाठवला. तपास करणाऱ्यांनी ऑफिसची नोंद बघितली: तो अहवाल सहा जणांनी प्रिंट केला होता, आणि त्या सहांपैकी एकीच्याच कॉम्प्युटरवरून त्या साइटशी ईमेल संपर्क झाला होता. झालं. पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा. कुठलंही एन्क्रिप्शन तोडावं लागलं नाही.

शिवाय स्नोडेनच्या कागदांतून हेही कळलं की कुलूपबंद मजकूर हाती लागला तर तो उलट जास्त काळ ठेवून घ्यायची मुभा एनएसएच्या नियमांत होती. म्हणजे कुलूप लावलंत म्हणून लक्ष गेलं.

बाईंनी जरा अतिच केलं का?

माझं मत, हो, थोडं. ग्रॉकलॉचं बहुतेक काम कोर्टातल्या उघड्या कागदांवर चालायचं, ते चालू ठेवून 'गुप्त काही ईमेलनं पाठवू नका' अशी पाटी लावता आली असती. वृत्तपत्रांनी तेच केलं. पाळत ठेवणाऱ्यांचा थेट रोख त्यांच्यावर होता असंही काही त्यांनी म्हटलं नव्हतं. आपलं खासगी लिखाण अनोळखी माणूस चाळतोय ही भावनाच त्यांना सहन होत नव्हती, असं त्यांनी सरळ लिहिलं. पण निर्णय अति वाटला तरी प्रश्न चुकीचा ठरत नाही, आणि आज न्यूज वेबसाइट चालवणाऱ्या कुणालाही विचारा, सूत्रं फोनवर बोलायला तयार नाहीत ही तक्रार ऐकायला मिळेल.

अनामिक सूत्र म्हणजे काहीही ठोकायची सोय?

होते ना तशी सोय. आपल्या चॅनेलवर 'सूत्रांच्या माहितीनुसार' म्हणून जे चालतं ते बघून लोकांचा विश्वास उडाला तर नवल नाही. ग्रॉकलॉची रीत उलटी होती. सूत्र सांगेल ती दिशा, छापायचा तो कागद. वाचकानं पीजेंवरही विश्वास ठेवायची गरज नाही, खाली लिंक आहे, पान उघडा आणि स्वतः वाचा. चूक असेल तर खाली लगेच दहा जण दाखवायचे. अनामिक माणसाच्या शब्दावर कुणाची बदनामी करणं वेगळं आणि अनामिक माणसानं दाखवलेल्या दारातून जाऊन कागद आणणं वेगळं. पहिल्याला संरक्षण का द्यावं असं कुणी विचारलं तर माझ्याकडे फार चांगलं उत्तर नाही.

यात मुक्त सॉफ्टवेअर कुठे आलं?

ग्रॉकलॉचे वाचक दहा वर्षं ज्यासाठी भांडले त्याचा सूत्रांच्या सुरक्षेशी थेट संबंध आहे. एखादं ॲप म्हणतं 'आम्ही तुमचे मेसेज वाचत नाही.' कशावरून? कोड बंद असेल तर त्यांच्या शब्दावरून. कोड उघडा असेल तर तुम्हाला नाही तरी कुणाला तरी तपासता येतो. म्हणून २०१३ नंतर या कामासाठी जी साधनं रुळली त्यांचा कोड उघडा आहे: मेसेज पाठवायचं ॲप सिग्नल, इंटरनेटवर आपण कोण ते झाकणारं टॉर, आणि सिक्युअरड्रॉप, जे न्यूजरूमसाठीच बनवलेलं आहे, सूत्राला नाव-ईमेल काही न देता कागद टाकता येतो. सिक्युअरड्रॉपची पहिली आवृत्ती प्रोग्रामर ॲरन स्वार्ट्झ आणि पत्रकार केविन पोल्सन यांनी रचली, स्वार्ट्झ जानेवारी २०१३ मध्ये गेला. उघडा कोड म्हणजे सुरक्षित कोड असं मात्र आपोआप होत नाही, २०१४ चं हार्टब्लीड आठवा, उघड्या कोडमध्ये दोन वर्षं भोक होतं आणि कुणी बघितलं नव्हतं.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

फार कमी. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५(२) मध्ये पत्रकाराला सूत्र सांगायची सक्ती करता येणार नाही असं आहे, लोक तेच दाखवतात, पण ते फक्त प्रेस कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतं. कोर्टाला, पोलिसांना ते लागू नाही. १९८३ मध्ये विधी आयोगानं आपल्या ९३व्या अहवालात पुरावा कायद्यात नवं कलम घाला, सूत्राला संरक्षण द्या, अशी शिफारस केली. ती तशीच राहिली. २०२३ मध्ये तर अख्खा पुरावा कायदा नव्यानं लिहिला, भारतीय साक्ष्य अधिनियम, १ जुलै २०२४ पासून लागू झाला, वकील आणि त्याच्या अशिलामधलं बोलणं, नवरा-बायकोतलं बोलणं यांचं संरक्षण त्यात जुन्यासारखं आहे, पत्रकार आणि सूत्र यांचं नाही. फोन-लॅपटॉप हजर करायला सांगायची सोय मात्र फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ९४ मध्ये नाव घेऊन आली.

मग कुणी म्हणेल, महाराष्ट्रात २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा आहे की. आहे, पण तो पत्रकाराला मारहाण आणि ऑफिसची तोडफोड यांच्यापुरता. सूत्राबद्दल त्यात काही नाही.

कोर्टं बोलली आहेत. पेगाससच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं म्हटलं की सूत्रांचं संरक्षण हा पत्रस्वातंत्र्याचा पाया आहे आणि पाळतीच्या भीतीनं तो खचतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये पत्रकारांची उपकरणं जप्त करण्यावरून सरकारला नियम करायला सांगितलं. पण कोर्टानं तत्त्व सांगणं आणि पहाटे सहाला दारात आलेल्या पोलिसाला दाखवता येईल असं कलम हातात असणं, यात फरक आहे.

तोवर ज्याच्याकडे कागद आहे त्यानं एवढं तरी पाळावं: ऑफिसचा कॉम्प्युटर, ऑफिसचं वायफाय, ऑफिसचा प्रिंटर यांतलं काही वापरायचं नाही. पत्रकाराचा नंबर कामाच्या फोनमध्ये सेव्ह करायचा नाही. फोटो पाठवताना त्यात वेळ आणि ठिकाण चिकटून जातं हे लक्षात ठेवायचं. आणि स्क्रीनशॉट पाठवायच्या आधी वरची पट्टी नीट बघायची, तिथे बऱ्याचदा आपलंच नाव असतं.